चिन्नोरचे बियाणे

लीड्स, इंग्लंड
दि. ८ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप भाऊस,
तृप्तीचा सा. न. वि. वि.

आईला फोनवर ऐकू येत नाही, पत्र मात्र ती तुझ्याकडून दोनदा वाचून घेते, म्हणून लिहिते. चौदा वर्षांनी एकोडीला येत आहे, चार ते पंधरा नोव्हेंबर. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे पाहुणे माझ्या नावाने गोळा करू नयेत. तुझ्या मनिषच्या पत्रात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. आल्यावर त्याची शिकवणी घेईन. आणि मी भात सोडला आहे. आईने वाद घालू नये.

लोभ असावा, वाढवायचाच झाल्यास ताटाबाहेर वाढवावा.

तुझी,
तृप्ती

एकोडी
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

बारा दिवसांसाठी आलीस आणि सहाव्याच दिवशी साकोलीच्या लॉजवर गेलीस. घरात होतीस तोवर ओसरीत येरझाऱ्या. तुझी वहिनी म्हणाली, बाईच्या पायाले भिंगरी बांधून देली का कोनं!

आता तुला ठाऊक नसलेले सांगतो. गावात हार्वेस्टर फिरून गेला, सगळ्यांचे धान घरी आले. एक आपलेच, तळ्याकडच्या बांदीतले धान उभे आहे. तिच्यात चिन्नोर आहे, वासाचा, उशिरा पिकणारा. तुला आवडे म्हणून चौदा वर्षे आई त्याचे बियाणे राखते आणि मोकाट ढोरांसाठी काठी घेऊन शेताच्या धुऱ्यावर बसते. पहिल्या दिवशी तुला त्याच तांदळाचा भात वाढला होता. तू ताट सरकवलेस आणि साखरेवर व्याख्यान दिलेस.

आई म्हणते, पोरगी आलीच नाही, पाहुनी येऊन गेली. आता कोनासाठी पेराचा? यंदा ती बियाणे राखणार नाही. मनिष मोबाइलवर निरोप देणार होता. आईला चिठ्ठीच हवी. मळणीत धान चुरण्याआधी लिही.

रागावलो आहे, आशीर्वादात काटछाट नाही.

कैलाश

लीड्स
दि. ३० नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप भाऊस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी आईने मला पितळी ताटात वाढले. ते केवळ पाहुण्यांसाठी निघते, हे त्या घरच्या मुलीला शिकवावे लागत नाही. माझे लहानपणचे, कडेला चेपलेले जर्मन-अॅल्युमिनियमचे ताट मी फळीवर शोधले, नव्हते. विचारायला हवे होते. मी विचारत नाही, अनुमान काढते. वास तर दारातच आला होता आणि घासभर मी खाणारच होते.

परतल्यापासून एका खोलीत दहा मिनिटे बसवत नाही. आईला सांग, बियाणे राखावे. जुलैत धानाच्या रोवणीला महिनाभर येते. तिकीट काढले आहे. या पत्रातील चुका मनिषने खुशाल मोजाव्यात.

पूर्वीइतकाच लोभ मागण्याचा अधिकार उरला असल्यास, तो असावा.

तृप्ती

एकोडी
दि. १६ डिसेंबर २०२४

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र उशिरा पोचले. धान चुरून गिरणीत गेले होते. आसगावच्या देवका मावशीने मागितले म्हणून तेवढे दोन पायल्या बियाणे वाचले, ते तिला दिले.

तुझे पत्र आईने तीनदा वाचून घेतले. म्हणाली, चौदा सालानं आलेल्या लेकीले का चेपलेल्या ताटात वाढू? मग म्हणाली, बियाणे चिठ्ठीनं मागत नसतेत. मागनारीनं सूप घेऊन सोता मावशीच्या दारात जावं, तेही रोपाचे पऱ्हे टाकायच्या आधी. तेव्हा रोवणीला नव्हे, जूनच्या आरंभी ये. तिकीट बदल.

मनिषला एकच चूक सापडली; ती तो समोरच सांगणार आहे.

मायेत खंड नाही.

कैलाश

ता. क. तुझे ताट हरवले नव्हते. इतकी वर्षे ते चिन्नोरच्या मडक्यावर झाकण होते. यंदा मडके रिकामे, म्हणून आईने ते घासून फळीवर ठेवले आहे.