पाच नंबरच्या शिडीला कुलूप

३ मार्च, सोमवार. दुपारी १.४०
मालकांनी आज नोटीस लावली. पंधरा तारखेपासून पीठ-सिमेंट वाहणाऱ्या सायलो ट्रेलरच्या टेस्ट कार्डवर डिप्लोमा सही करणार. डिप्लोमा म्हणजे माझा मेहुणा, हिचा सख्खा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी मीच त्याला हाताला धरून या वर्कशॉपमध्ये आणला. मालकांना म्हणालो, पोरगा गुणी आहे. माझीच जीभ.

बावीस वर्षं त्या कार्डवर माझी सही आहे. खाली दोन टिंबं. त्या टिंबांशिवाय पिठाचा एकही ट्रेलर गेटबाहेर पडलेला नाही. मी कोणत्याही कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते ट्रेलरच्या झाकणावर बसून.

सूड घेणार. शांतपणे.

३ मार्च, संध्याकाळी ७.१५
केबिनमध्ये जाऊन मालकांवर गरजलो. (बाहेर बसलेला क्लार्क म्हणतो काहीच ऐकू आलं नाही. त्याचे कान तपासायला हवेत.) मालक म्हणाले, येत्या सोमवारी पीठगिरणीचा माणूस पाच नंबरचा ट्रेलर तपासायला येतोय. टाकीच्या तिन्ही झाकणांची, हवा अडवणारी रबरी सीलं तुम्हीच निवडा, तुम्हीच बसवा. पहिल्या फटक्यात पास झाला तर सही तुमचीच. नाही झाला तर पुन्हा विषय काढायचा नाही.

मी कशाला काढतोय! डिप्लोमाच रडत रडत काढेल.

४ मार्च, मंगळवार
शत्रूचे गुन्हे क्रमवार लिहिणं आवश्यक. नंतर एकदम तोंडावर फेकता येतील.

गुन्हा १. सील टेपने मोजतो. मी वितीने मोजतो. सात विती, तीन बोटं. टेप हरवते, वीत हरवत नाही.

गुन्हा २. रबर किती कडक झालंय ते बघायला घड्याळासारखं यंत्र आणलंय. मी नख रोवतो. तीन मोजेपर्यंत खूण भरून आली तर सील जिवंत.

गुन्हा ३. दर शनिवारी सगळे गेले की तासभर एकटाच मागे राहतो. कशाला? चौकशी करणे.

५ मार्च, बुधवार
सील निवडलं. पिठाला पांढरं सिलिकॉनच लागतं. काळं रबर सिमेंटला ठीक. पहिला रोल खिडकीत उन्हात पडलेला, नखाची खूण तशीच राहिली. बाद. दुसऱ्याला वास. बाद. तिसरा हातात घेतला तर डिप्लोमा लांबून म्हणाला की भाऊजी, तोच घ्या, एकदम फ्रेश आहे. ताबडतोब ठेवून दिला.

तो जेवायला गेल्यावर परत घेतला.

७ मार्च, शुक्रवार
तिन्ही सीलं बसवली. काय काम झालंय! स्वतःचाच हेवा वाटला.

जुनी सीलं काढताना एक गोष्ट सापडली. तिन्ही झाकणांत, जोडाच्या जागी, बोटभर रुंदीचा वेगळाच तुकडा चिकटवलेला. मी असे जोडतुकडे लावत नाही. माझं सील अखंड असतं. गुन्हा ४: माझ्या कामात लुडबुड. बहुतेक याचाच हात.

झाकणाची खाच घासली, पुसली, कोरडी केली. सील नेहमीप्रमाणे ओढून बसवलं. ताणलं की घट्ट बसतं, जोड शोधूनही सापडत नाही. डिप्लोमा खालून म्हणाला, भाऊजी, ओढू नका हो, बोटभर जास्त कापा आणि दाबून बसवा, ताणलेलं दोन दिवसांत आखडतं. मी म्हणालो, तूच आखड. सगळे हसले. म्हणजे वेल्डर हसला. त्याला खोकलाही आहे.

८ मार्च, शनिवार
४.३०. सगळे गेले. कॉम्प्रेसरमागे दबा धरून बसलो. ५.०५ ला डिप्लोमा आला. हातात ब्लेड, गोंदाची ट्यूब, वरच्या खिशात काहीतरी पांढरं. आणि सरळ पाच नंबरच्या शिडीकडे! मी झेप घेतली. (मध्ये बादली होती.) तो दचकला. म्हणाला, सहज बघायला चाललो होतो. लागलं का भाऊजी, असंही विचारलं. नाटकी माणूस.

गुन्हा ५: रंगेहाथ. ब्लेडने माझी सीलं कापणार होता, यात शंका नाही.

ट्रेलरच्या शिडीला साखळी घालून कुलूप ठोकलं. वर्कशॉपची ॲल्युमिनियमची सुटी शिडी खांद्यावर टाकून घरी आणली. आता चढ म्हणावं उडत.

९ मार्च, रविवार
शिडी हॉलमध्ये. हिने तिच्यावर टॉवेल वाळत घातलेत.

अकरा वाजता डिप्लोमा हजर. शिडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चावी द्या भाऊजी, दहाच मिनिटं, उद्या माणूस यायच्या आत एकदा वर जाऊन येतो, म्हणाला. ही म्हणाली, द्या की हो, काय लहान मुलासारखं धरून बसलाय! मग दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. कट घरापर्यंत पोचलाय.

चावी करगोट्याला बांधली.

उद्याचा कार्यक्रम: पास झाल्यावर डिप्लोमाच्या पाठीवर थाप मारणे. सर्वांसमोर. दोनदा. जोरात. मग सही करणे. टिंबं तीन.

१० मार्च, सोमवार
कुलूप सकाळी माझ्या हाताने उघडलं. झाकणं बंद केली, पकडी आवळल्या. ट्रेलरमध्ये दीड बार दाबाने हवा भरली. गिरणीचा माणूस ब्रश घेऊन स्वतः वर चढला आणि झाकणांच्या कडेने साबणाचं पाणी लावू लागला.

पहिल्या झाकणावर एक बुडबुडा. मी म्हणालो, साबण आहे, बुडबुडा येणारच. दुसऱ्यावर बुडबुड्यांचं कुटुंब. तिसऱ्यावर दाढीला लावतात तसा फेस, आणि खालून सूं. गेजचा काटा माझ्याकडे न बघता खाली गेला.

हवा सोडून झाकणं उघडली. प्रत्येक सीलच्या जोडात फट. मी बोट घालून बघितलं. बरोबर बसलं.

तेव्हा डिप्लोमाने खिशातून तीन पांढरे तुकडे काढले, वर गेला आणि अर्ध्या तासात खाली आला. दुसऱ्या टेस्टला काटा हलला नाही. मालकांनी पंधरा तारखेची वाट न बघता कार्ड त्याच्यापुढे केलं. त्याने सही केली.

मी सर्वांसमोर विचारलं की तीन फटी, तीन तुकडे, नेमक्या मापाचे, आधीच खिशात कसे? डिप्लोमाने मान खाली घातली. गिरणीचा माणूस हसला. मालक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ६.५०
हिला म्हणालो, आता तरी पटलं का, तुझा भाऊ माझ्या सीलांना हात लावतो.

हिने टॉवेलची घडी घालणं थांबवलं. लावतोच, म्हणाली. सहा वर्षं लावतोय. तुम्ही ओढून बसवता, जोड उघडतो, आणि तो दर शनिवारी मागे राहून तुकडे भरतो. मीच सांगितलं होतं की त्यांना कळू देऊ नकोस, मोडून पडतील. कालचेही तुकडे शनिवारपासून त्याच्या खिशात होते. सही तुमचीच राहावी म्हणून धडपडत होता मेला. तुम्ही कुलूप लावलंत.

शिडीवरचे उरलेले टॉवेल मीच उतरवले. चहा गार झाला.

११ मार्च, दुपारी १.१५
शिडी परत नेली. गेटपासून तिचं दुसरं टोक डिप्लोमाने धरलं. तो पुढे, मी मागे.

गुन्हा ३ खोडला. ४ आणि ५ सुद्धा. १ आणि २ कायम.

दुपारनंतर आठ नंबरची झाकणं आहेत. सील बोटभर जास्त कापायचं ठरवलंय.

बोट माझंच वापरणार.