आले मी, आई

रॉसगर्व, कोनेमारा, आयर्लंड
४ फेब्रुवारी १९६१

चि. बार्ब्रास मार्टिनमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई अर्धांगाच्या झटक्यातून वाचली, पण तिचं इंग्रजी सगळं पुसलं गेलं बघ. डॉक्टर काही विचारतो आणि ती माझा आवाज शोधते. नजरही अधू झालीय. आता तिच्याशी बोलायचं तर तुला आयरिश शिकायला हवं. घाबरू नकोस. आपल्यात क्रिया आधी, मग करणारा, मग उरलेलं. मांजर दूध पितं असं नाही म्हणायचं, ‘पितं मांजर दूध’ म्हणायचं. एवढं गिरव. ती रोज विचारते, ‘आली का पोर?’

तुझा मामा

लीड्स
१९ फेब्रुवारी १९६१

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं मांजर भलतंच घाईचं, दिसायच्या आधीच दूध पिऊन मोकळं! तरी कारखान्यात घोकत असते: शिवते मी कोट, आला पाऊस. इंग्लंडात माझ्याजवळ होती तेव्हा आईनं आयरिश कधी शिकवलीच नाही. म्हणायची, या भाषेनं इथे भाकरी मिळत नाही. जपमाळ ओढताना मात्र पुटपुटायची, आणि मला वाटायचं, देवाला माझ्या चहाड्या सांगतेय. ईस्टरला रजा मिळालीय. एकच वाक्य पक्कं केलंय: ‘आले मी, आई.’ तेवढं तिला ऐकवायचंच आहे. तोवर तिला जपा.

तुमची लाडकी भाची, बार्ब्रा

लीड्स
११ एप्रिल १९६१

ती. मामांस सा. न.

पोचले. रागावू नका, पण लिहिते. मी दारात पाऊल टाकलं आणि शेजारच्या बॅबीनकाकूंपासून तुमच्यापर्यंत सगळे इंग्रजीत बोलू लागले. पाहुणीला अवघडायला नको, ही तुमच्याकडची रीतच, कळतं मला. पण आईला त्यातलं अक्षर कळेना. आपल्याच घरात ती आवाजांच्या दिशेनं मान वळवत राहिली, मग भिंतीकडे तोंड करून पडली. तुम्हा सगळ्यांसमोर माझं मोडकं वाक्य ओठांवर येईना. लाज वाटली. सुट्टीभर तिचा हात धरून मुकी बसले आणि तशीच परतले. पुढच्या वेळी माझी एवढी सरबराई करू नका, मामा.

बार्ब्रा

रॉसगर्व
३० एप्रिल १९६१

चि. बार्ब्रास मामाचे आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. वादळानं बोटी बंद, त्यामुळे तुझ्यावाचूनच तिला पुरावं लागलं. ते फार लागलंय मला.

तुझं पत्र बॅबीनला वाचून दाखवलं होतं. एप्रनमध्ये तोंड घालून रडली. म्हणाली, ‘आपण पोरीचा मान राखला, मार्टिन, आणि तिला आईपासून तोडलं.’ शेवटच्या दिवशीही तुझ्या आईनं विचारलं, ‘आली का पोर?’ तुझ्यासमोर इंग्रजीच बोलायच्या नादात आम्ही कुणी तिला सांगितलंच नाही, त्यामुळे तू येऊन गेलीस हे तिला कळलंच नव्हतं. हात धरून बसलेली ती कुणी दवाखान्यातली बाई, असं समजत होती. येऊन गेली असं सांगायचा धीर झाला नाही, मी म्हणालो, ‘येतेय.’

तिला जाऊन महिना होईल तेव्हाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, ये. सगळं गाव जमेल. थडग्यापाशी तुझं वाक्य म्हण. चुकलं तर चुकू दे. या खेपेला तुझ्याशी कुणीही इंग्रजीत बोलणार नाही. मी घरोघर सांगून आलोय.

पाहतोय वाट तुझी,
मार्टिनमामा