माझी पट्टेरी जास्वंद

१४ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे खुशाल.

तू गेल्यापासून स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते सांगतो. काचघराचं छप्पर. कुंड्यांना थेंबथेंब पाणी देणाऱ्या नळ्या, एकशे बारा. कलमं बांधायला पाट, पाठ न दुखणारा. आणि एक सूक्ष्मदर्शक. हसू नकोस! जुन्या कॅमेऱ्याची भिंगं, पितळी नळी, सायकलचा दिवा. दोनशे पट मोठं दिसतं, मोजून खात्री केली आहे.

तुझी वहिनी म्हणते, "तीन वर्षांचा अबोला मोडायला एक फोन पुरला असता. यांनी यंत्र बांधलं!"

तर माझी पट्टेरी जास्वंद. हिरव्या खुंटावर तिची फांदी बांधली की खालच्या खुंटालाही पिवळ्या पट्ट्यांची पानं फुटायची. फांदी आपला रंग खुंटाला देत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी छाती फुगवून सांगायचो, हा माझा हातगुण. प्रदर्शनात मी पदक घेत असताना तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "दादा, हातगुण कसला, झाडाला विषाणू लागलाय." पुढे मी काय बोललो ते तुला पाठ असेल.

परवा पान भिंगाखाली धरलं. हिरव्या भागातल्या पेशींत हिरवे कण गच्च, गुटगुटीत. पिवळ्या पट्ट्यात मोजके, फिकट, एका कोपऱ्यात गोळा झालेले. चाळीस पेशी तपासल्या. विषाणू माझ्या भिंगात दिसत नाही, त्याने घातलेला गोंधळ दिसतो.

तू दिलेली विषाणूंवरची पुस्तिका मी फेकली नव्हती, आता वाचली. स्वतःचं काहीच नसलेला हा पाहुणा पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो, भिंतींमधल्या बारीक वाटा रुंद करतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो. शाळेत न जाता एवढं येतं, म्हणून थोडं कौतुकही वाटलं.

पट्टेरी झाडाच्या बियाही पेरल्या. साठच्या साठ रोपं हिरवीगार. पट्टे जातीचेच असते तर काही रोपांत तरी उतरले असते.

तुझं बरोबर होतं. या एका वाक्यापायी दोन कागद फाडले.

रस शोषणाऱ्या पांढऱ्या माश्यांनी हा रोग शेजारच्या बागांत नेण्याआधी, रविवारी सगळी पट्टेरी झाडं उपटून जाळणार आहे. तू ये. "काचघरात पाऊल टाकू नकोस" म्हणालो होतो, ते मागे घेतलं.

तुझा,
हट्टी दादा

ता. क. काल बागा सजवणारा ठेकेदार आला होता. रोगाचं सांगितलं, तर म्हणतो, "असू दे की, गिऱ्हाइकाला पट्टेच हवेत." सगळी झाडं एकरकमी मागत होता. नाही म्हटलं. सव्वाचार लाख.