खिडकीपासून किती फूट?

४ तारीख, सोमवार.
घराच्या बाजूला लाकडी खोली बांधायची. आठ बाय सहा. डिझाइन अर्थात माझं. मुलगी अठ्ठावीसला तान्ह्या बाळाला घेऊन पंधरा दिवस येतेय आणि तिच्या खोलीत माझं सामान आहे. सामान म्हणजे बायकोच्या भाषेत भंगार. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. खोली किस झाड की पत्ती! पंचवीसला तिला कुलूप लागलंच पाहिजे.

६ तारीख.
सुतार आला. फार गोड बोलतो. आल्या आल्या प्लॅन मागितला. उद्या माझंच डिझाइन चार घरी स्वतःचं म्हणून खपवेल. आम्हीही कच्च्या गुरूचे चेले नाही. दोन प्लॅन काढले. असली कपाटात, नकली सुताराला. नकलीत एकच माप मुद्दाम चुकवलंय. कुठलं ते इथे लिहीत नाही. ही वही बायकोच्या हाती लागू शकते.

९ तारीख.
बायको आणि सुतार मागच्या दारी कुजबुजत होते. मी गेलो तर दोघं गप्प. विचारलं तर म्हणे, चहात साखर किती ते विचारत होते. साखरेला एवढा वेळ? नोंद केली.

१२ तारीख, सकाळी ६.
सुताराने काल खुंट्या ठोकून दोरी बांधली. कपाटातला कागद घेऊन ताडून पाहिलं. कागदावर मुलीच्या खिडकीपासून अंतर एक फूट, जमिनीवर चार! कुठलं माप चुकवलं ते नीट आठवत नव्हतं, म्हणजे ते हेच. बिचारा बरोबर जाळ्यात सापडला. बायको उठायच्या आत खुंट्या तीन फूट खिडकीकडे सरकवल्या. जुने खड्डे बुजवले. काम फत्ते.

१२ तारीख, दुपारी.
सुतार विचारतो, खुंट्या कोणी हलवल्या का? म्हटलं, कुत्रं असेल. चारही खुंट्या? म्हटलं, मोठं कुत्रं असेल. मग म्हणाला, साहेब, इथेच बांधायचं नक्की ना? आपला कागद पुढे करत होता. नकली कागद काय बघायचा! इथेच, म्हटलं. जेवून आल्यावर पुन्हा तेच विचारलं. निघताना तिसऱ्यांदा. मनात पाप असलं की माणूस असा घोळवून घोळवून विचारतो. बायकोही सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. दोघं सामील आहेत.

२१ तारीख.
भिंती उभ्या राहिल्या. काम सुबक आहे, डिझाइनच तसं आहे. मुलीच्या खोलीत मात्र भरदुपारी दिवा लावावा लागतो. ढगाळ हवा असावी.

२४ तारीख.
कडक ऊन. दिवा चालूच.

२५ तारीख.
कुलूप लागलं! सामान हलवलं. सुताराने जाताना कागद परत दिला. त्यावर खिडकीपासून चार फूट. कपाटातला काढून शेजारी ठेवला. आता आठवलं, चार फूटच बरोबर होतं. देताना कागदांची अदलाबदल झाली. कोणी केली असावी?

२८ तारीख.
मुलगी आली. खोलीत जाऊन खिडकी उघडली. समोर फळ्या. वारा नाही, उजेड नाही. बाळ रडायला लागलं. तासाभरात बायको दोघींना घेऊन आपल्या बहिणीकडे गेली. नातीला मी फाटकापाशी काय ते पाहिलं.

३० तारीख.
घर खायला उठतं. बायकोला फोन केला. सांगून टाकलं, खुंट्या मी सरकवल्या. म्हणाली, माहीत आहे, त्या सकाळी पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. सुतारालाही माहीत होतं, म्हणून तर त्याने तीनदा विचारलं. मी विचारलं, मग तू का नाही बोललीस? म्हणाली, बोलले असते तर आम्ही सामील आहोत म्हणाला असतात.
मला फार लाज वाटली. भिंत सरकवायला सुतार पुढच्या महिन्याच्या अखेरीशिवाय मोकळा नाही. तोवर मुलगी सासरी गेलेली असेल. म्हटलं, मला नातीला बघायचंय. म्हणाली, मग या की इकडे. पण साडूंवर मी सहा वर्षांपूर्वी माझं ड्रिल मशीन लांबवल्याचा आळ घेतला होता, तेव्हापासून येणंजाणं बंद आहे. ते ड्रिल पंचवीसला सामान हलवताना माझ्याच पेटीच्या तळाशी सापडलं. मी कोणालाही सांगितलेलं नाही.
फोन ठेवता ठेवता बायको म्हणाली, येताना भावोजींचं ड्रिल घेऊन या.
तिची चूक दाखवणार होतो, की ड्रिल माझं आहे. मग पेटीतून काढून नीट पाहिलं. मुठीवर साडूंचं नाव कोरलेलं आहे.