रिकाम्या हातांनी बसलेली माय

माय, आज रविवारी दुपारी मला पुन्हा तसं झालं. गोंदियाजवळ कुडव्यातल्या माझ्या घरात जेवून आडवी झाले होते. डोळे उघडले तर वर पंखा फिरताना दिसत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि हातपाय मात्र ढिम्म हलेनात. छातीवर कुणी बसल्यासारखं. पन्नाशीला आले तरी पहिल्या क्षणी मी घाबरतेच.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी सातवीत होते. सौंदडच्या आपल्या पडवीत तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली आहेस, मी शेजारी चटईवर. तुझी कात्री तेंदूपत्ता कापताना मला ऐकू येते, पण तुला हाक मारता येत नाही. तू सहज वळून पाहिलंस, माझे ताणलेले डोळे तुला दिसले आणि तू सूप खाली ठेवलंस. माझ्या पायाचा अंगठा धरून हलवलास आणि मी सुटले. शेजारची काकू म्हणाली, "छातीवर भूत बसते वो, भगताकडे ने पोरीले." तू तिच्यावर उखडलीस. "भरदुपारी भूत कायले येईन? त्याले बी झोप लागते." ती गेल्यावर मला हळूच म्हणालीस, "मले बी होते. काऊन रडून राहिली? आंग सोडून दे, फक्त आंगठा हालव. जाग येते." एवढं सांगून सूप पुन्हा मांडीवर. तुझ्याकडून मिळालेलं सगळ्यात कामाचं तेच.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात गोंदियातल्या डॉक्टरांना विचारलं. "डरने का नहीं, मॅडम," ते म्हणाले. मेंदू जागा होतो, शरीर झोपेतच राहतं, एवढंच. काही जण तिथूनच स्वप्नात उतरतात, आणि हे स्वप्न आहे हे त्यांना कळत असतं. ते मला आधीच ठाऊक होतं. धडपड न करता पडून राहिलं की पंखा दिसेनासा होतो आणि आपली पडवी येते. तू बसलेली असतेस आणि तुझे हात रिकामे असतात. तिथेच मी ओळखते, हे स्वप्न आहे. जिवंतपणी तुझे हात रिकामे मी कधी पाहिलेच नाहीत. बोलताना, रागावताना, अंगात ताप असतानाही बोटं वळतच असायची. एकदा 'तू गेलीस ना?' असं विचारून बसले, तर सगळं झटकन मोडलं. तेव्हापासून विचारत नाही. नुसता तुझा हात हातात घेते. त्याला अजून तंबाखूचा वास येतो. फार बरं वाटतं, माय.

डॉक्टरांनी सांगितलंय, वेळेवर झोपा, उताणं झोपू नका, मग हे थांबेल. मी कुशीवरच झोपते असं घरी सांगते. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. आज मी दार लावून मुद्दाम उताणी झोपले होते. आणि अंगठा हलवता येत होता. मी हलवला नाही.