बसऱ्यात राहिलेला अंगठा

पंचफुले, ही चिठ्ठी आईले वाचून दाखव.

मी पेन्शनीसाठी वाशीमले चाललो. फौजेत भरती होताना मी कागदावर सहीच्या जागी डावा अंगठा उठवला होता. तो लढाईत बसऱ्याले तुटला. तिथल्याच इस्पितळात मी अक्षरं शिकलो, आता सही करतो. कचेरीतला बाबू म्हणते, कागदावरचा शिपाई अडाणी होता, तू कोणी दुसराच. तुझी आई म्हणते, चंपतकाकाचा अंगठा लावा. मी नाही लावत. माझ्या नावाखाली दुसऱ्याचं बोट कायले?

पहाटे झोपेत तो अंगठा मले अजून ओला लागते, खजुराच्या सावलीत नदीत बुडवून ठेवल्यावानी.

तू पाटीवर माझं पुरं नाव लिहून ठेव. बाबूनं आजही हाकललं, तर घरी येऊन तेच वाचीन.

तुझा बा,
जगदेव