डबलसीट, कॅसलडरमॉटपर्यंत

आई, काल मी दिवसभर बोलत होतो. तू हे वाचलं असतंस तर आधी चष्मा पुसला असतास आणि मग बाबांना हाक मारली असतीस, "अहो, ऐकलंत का, तुमचा घुम्या बोलला!" हो, मीच. सेलब्रिज नावाच्या गावापासून कॅसलडरमॉट नावाच्या गावापर्यंत, सायकलवरून, चढावर धापा टाकत आणि उतारावर ओरडत, अख्खा रस्ता बोलत होतो. आज घसा बसलाय. बायकोनं सकाळी हळद घालून दूध दिलं. बोलून बोलून माझा घसा बसेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तू तिला पाहिलं नाहीस. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तू गेलीस, आणि ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. ती अजून सगळ्यांना सांगते, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा हा तीन वाक्यं बोलला. त्यातलं एक वेटरला होतं." आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनमध्ये राहतो, माझं ऑफिस जवळच सिटीवेस्टला आहे. तिथंही मी विशेष बोलत नाही. कॉम्प्युटरला त्याची गरज नसते.

तुला ते खडकीचे रविवार आठवतात का? बाबांची काळी सायकल, दांडीवरच्या छोट्या सीटवर मी, मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून तू, आणि तुझ्या मांडीवर मावशीसाठी काहीबाही भरलेली पिशवी. खडकीहून शनिवार पेठेत पोचेपर्यंत तुझं धावतं समालोचन चालायचं. "अहो, डावीकडे बघा, कुलकर्ण्यांनी भिंत रंगवली. शी, काय तो रंग! ते गृहस्थ बघा, छत्री घेऊन निघालेत, आभाळात ढग नाही." बाबा म्हणायचे, "मी रस्ता बघू की भिंत?" तू म्हणायचीस, "दोन्ही बघा, डोळे दोन आहेत." डबलसीटला पोलीस धरायचे, म्हणून चौकाच्या अलीकडे तू टुणकन उतरायचीस, आमची नि तुझी ओळखच नसल्यासारखी पोलिसासमोरून चालत जायचीस आणि पलीकडे परत बसायचीस. बसताबसता त्या पोलिसाच्या मिशांबद्दल सांगायचीस. एकदा तू बसलीस असं समजून बाबा निघाले. पुलापर्यंत गेले आणि एकदम ब्रेक दाबला. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "आवाज येईना." आम्ही परत आलो तर तू भांड्यांच्या नव्या दुकानासमोर उभी. आपण मागे राहिलो हे तुझ्या गावीही नव्हतं. "बघा हो, कसली चकचकीत पातेली लावलीत," म्हणालीस आणि बसलीस. मी मात्र बाबांवर गेलो. शाळेतून आल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी मुकाट्यानं खायचो, आणि पोळी लाटता लाटता तू वैतागायचीस, "अरे, एवढा रस्ता चालून आलास, काय पाहिलंस ते सांग की! नुसतं पाहून काय लोणचं घालायचंय?"

तर आता ऐक. इथंही मी रविवारी सायकल काढतो. घराजवळून एक जुना कालवा जातो. त्याच्या कडेनं थोडं पश्चिमेला गेलं की शहर संपतं आणि दगडी कमानींचे पूल, पडक्या चर्चच्या भिंती, गाईंची कुरणं यांच्यामधून जाणारे अरुंद रस्ते सुरू होतात. गाडी क्वचित दिसते. ऑफिसातला एक जण एका क्लबात जातो. तिथं दोघांच्या सायकली असतात, दोघांनाही पेडल. पुढे डोळस माणूस बसतो, मागे ज्याला दिसत नाही तो. त्यांना पुढे बसणारं कोणीतरी हवं होतं. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं. अशी ती लांबलचक सायकल माझ्या शेडमध्ये आली आणि मागच्या सीटवर बाई आल्या. बाई म्हणजे सेलब्रिजच्या एक निवृत्त शिक्षिका. जन्मभर इतिहास शिकवला, आणि मग हळूहळू दृष्टी गेली.

पहिल्या रविवारी आम्ही ऊटरार्डच्या टेकडीवर गेलो. वर जुनं कब्रस्तान, पडकं चर्च, अर्धा तुटलेला गोल दगडी मनोरा आणि चहूबाजूंना हिरवागार किलदेअर जिल्हा. मी चकार शब्द काढला नाही. पण आई, काय मजा आली म्हणून सांगू! मागे माणसाचं वजन, दोघांचे पाय एका तालात, आणि सायकल आपोआप पळाल्यासारखी. या देशात आल्यापासून मी इतका खूश कधीच नव्हतो. परत आल्यावर बाई फाटकापाशी उतरल्या, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "सायकल तू ग्रँड चालवतोस. पण माझ्या काही उपयोगाचा नाहीस. नुसता वारा खायचा तर मी मुलीच्या गाडीत काच खाली करून बसेन." मग त्यांनी सांगितलं की दर उन्हाळ्यात त्या वर्गाला सायकलींवरून कॅसलडरमॉटला न्यायच्या, तिथले जुने कोरीव क्रॉस दाखवायला. डोळे गेल्यापासून त्या तिथं गेल्याच नव्हत्या. या जूनमध्ये त्यांना जायचं होतं. "पण मुक्या माणसाबरोबर नाही. अजून दोन रविवार बघते, नाहीतर क्लबकडे दुसरं कोणीतरी मागते." मी सायकल घेऊन घरी आलो. ही मागची सीट आपल्या हातून जाऊ नये, असं मला फार फार वाटत होतं.

मग मी इंजिनिअर करतो तेच केलं. तयारी. आठवडाभर रात्रीचं जेवण झाल्यावर कालव्याची, पुलांची, मनोऱ्याची माहिती पाठ केली. बायको भांडी पुसत माझं म्हणून घ्यायची. दुसऱ्या रविवारी निघताक्षणी मी सुरू झालो: हा पूल कधी बांधला, हा वाडा कोणत्या सरदाराचा, छप्पर कोणत्या लढाईत जळालं. बाईंनी जरा वेळ ऐकलं. मग मागून आवाज आला, "हे मला माहीत आहे. हे मीच शिकवायचे. ते डाव्या हाताचं घर आलं ना? दोरीवर काय वाळत घातलंय ते सांग."

मी बघितलं. "चादरी," म्हणालो. "आणि फुटबॉलचे मोजे. बरेच. एकाला दुसरा जुळत नाहीये." बाई खो खो हसल्या. "म्हणजे मुलं मोठी झाली. पुढे?" पुढे काय ते मला सुचेना. मी गप्प झालो. थोड्या वेळानं बाईंनी हळूच विचारलं, "आहेस ना?" एकाच सायकलवर बसून, आई, दोन हातांवर असलेल्या माणसाला त्या विचारत होत्या, आहेस ना. मला पुलावर ब्रेक दाबणारे बाबा आठवले. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून चक्क तू बाहेर पडलीस. "बाई, उजवीकडे बघा! कुंपणाला पिवळाधमक रंग दिलाय, शी!" बोललो आणि जीभ चावली. ज्यांना दिसत नाही त्यांना मी बघा म्हणालो होतो. मागून शांतपणे उत्तर आलं, "बघतेय. पण शी का? चांगला असेल पिवळा." त्यावर मी म्हणालो, "नाही, हा वाईट पिवळा आहे," आणि आमचं त्यावर पुढच्या वळणापर्यंत भांडण चाललं.

त्यानंतर मी थांबलोच नाही. इंग्रजी संपलं की मराठी घुसवायचो. रस्त्याच्या कडेला काटेरी, पिवळ्या फुलांचं झुडूप पसरलं होतं. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, बाभळीसारखी फुलं, आणि वास तू नारळाच्या वड्या थापताना घरभर सुटायचा तसा. "गोर्स," बाई म्हणाल्या. "सगळे म्हणतात त्याला खोबऱ्याचा वास येतो. पण मी काही ओला नारळ कधी हातात घेतलेला नाही." मग मी त्यांना नारळ फोडण्यापासून वड्या पाडण्यापर्यंत सगळं सांगितलं. कडेच्या खरवडीवरून आपलं भांडण व्हायचं तेही सांगितलं. इथं अनोळखी बाप्याला 'युअर मॅन' म्हणतात, अगदी तुझ्या 'ते गृहस्थ'सारखं. "युअर मॅन आज काय करतोय?" बाई विचारायच्या, आणि मी ट्रॅक्टरवर पेंगणाऱ्या, फाटकाला टेकलेल्या, मेंढीशी हुज्जत घालणाऱ्या गृहस्थांचा अहवाल द्यायचो. तिसऱ्या रविवारी फाटकापाशी उतरून त्या म्हणाल्या, "जूनमध्ये पाऊस नसलेला दिवस बघून ठेव." मी हेल्मेटसकट त्यांना मिठी मारणार होतो. मारली नाही. एवढाही बदललेलो नाही.

आणि काल गेलो. जुन्या किलकलनचा चढ, मग बॅलिटोरचं ते नेटकं, शांत गाव, तिथल्या बाकावर बसून थर्मासमधला चहा आणि बायकोनं दिलेले मेथीचे ठेपले. बाईंनी चार खाल्ले. दुपारी कॅसलडरमॉट. चर्चमागच्या गवतात ते उंच दगडी क्रॉस उभे आहेत, ऊनपावसानं झिजलेले. बाईंनी दोन्ही तळवे दगडावर ठेवले आणि म्हणाल्या, "सांग." माझ्याकडे पाठ केलेलं काही नव्हतं. मी म्हणालो, "मधे झाड आहे. एक बाई, एक पुरुष. बहुतेक ॲडम आणि ईव्ह. दोघंही पोटावर हात धरून असे उभे आहेत की जणू शेवटची बस चुकली." बाई इतक्या हसल्या की कपाळ दगडाला टेकलं. वर्गाला त्यांनी हा क्रॉस दर वर्षी समजावून सांगितला होता, पण ती बस म्हणे त्यांना कधी दिसली नव्हती. मग त्यांनी बोटांनी ती जागा चाचपली आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला. डोळे पुसले, तेही हसतहसतच. मुलगी गाडी घेऊन आम्हाला सायकलसकट न्यायला आली, तेव्हा त्या तिलाच रस्ताभर काय काय पाहिलं ते सांगायला लागल्या.

संध्याकाळी घरी पोचताच, बाबा झोपायच्या आत, त्यांना फोन केला. आमचे फोन तुला माहीत नाहीत: जेवलास का, जेवलो, ठेवतो. काल मी त्यांना मोज्यांपासून क्रॉसपर्यंत सगळं सांगितलं. ते शेवटी म्हणाले, "अगदी तिच्यासारखं." आणि ठेवतो म्हणालेच नाहीत. मग मी त्यांना ठेपल्यांचंही सांगितलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. यातलं बरंचसं तुला आधीच सांगून झालंय. सायकल माझ्याकडे असते ना, म्हणून क्लोनडॉकिनपासून बाईंच्या दारापर्यंत मागची सीट रिकामी असते. त्या वाटेवर मी मराठीत बोलतो, मोठ्यानं. काल हेझलहॅचच्या पुलावर कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला मान हलवून गुड मॉर्निंग केलं, मग रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि तिलाही केलं. आणि एक सांगून टाकतो. इथं दोघांच्या सायकलला कोणी अडवत नाही, उलट हात हलवतात. तरी पुढे पोलिसाची गाडी दिसली की मी वेग कमी करतो, तुला उतरता यावं म्हणून. पलीकडे जाऊन जरासा थांबतो. मग निघतो.